‘गाइड’मधला न पडलेला पाऊस

‘गाइड’ या कादंबरीच्या शेवटी पाऊस पडतो, असे मी वर्षानुवर्षे गृहीत धरले होते. एकदा एका मित्राशी बोलताना मी त्या पावसाचे भरभरून वर्णनही केले होते आणि त्यानेही मान डोलावली होती. अलीकडे आर. के. नारायण यांची ही १९५८ सालची कादंबरी पुन्हा वाचली, तेव्हा शेवटच्या पानावर मी थबकलो. पावसासाठी धरलेल्या उपासाने खंगलेला नायक राजू इतरांच्या आधाराने नदीच्या पात्रातल्या गुडघाभर पाण्यात उभा राहतो, डोंगरात पाऊस पडतो आहे, तो आपल्या पायांखालून वर चढताना जाणवतो आहे, असे वेलन या गावकऱ्याला सांगतो आणि कोसळतो. कादंबरी तिथेच संपते. पाऊस आला की नाही, राजू गेला की नाही, हे लेखक सांगतच नाही. माझ्या आठवणीतला पाऊस १९६५ च्या चित्रपटातला होता.

हा फरक मला फार मोठा वाटतो. लोकांनी साधू मानलेल्या एका लबाड माणसाचा उपास अखेरीस खरा झाला का, हा प्रश्न नारायण आपल्यावर सोपवतात. पडद्यावर धो धो पाऊस कोसळला की त्याचे उत्तर मिळून जाते आणि आपल्याला विचार करण्याचे कारणच उरत नाही.

मेरी शेली यांच्या १८१८ सालच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’चे नुकसान याहून गंभीर आहे. त्यातला अनाम जीव झोपडीच्या फटीतून एका कुटुंबाचे बोलणे ऐकत भाषा शिकतो, इंग्रजी कवी मिल्टन वाचतो आणि आपल्याला घडवणाऱ्यासमोर स्वतःची बाजू सविस्तर मांडतो. १९३१ च्या चित्रपटात तो बोलतच नाही, नुसता गुरगुरतो; आणि ज्यांनी पुस्तक उघडलेले नाही त्यांच्या मनात त्याचे हेच रूप पक्के बसले आहे. ज्याच्या तोंडी कादंबरीतली सर्वांत आर्त कैफियत आहे, त्याचीच वाचा गेली.

चित्रपटांवर माझा राग नाही. ‘गाइड’ पडद्यावर पाहिला नसता, तर ते पुस्तक मी कदाचित हातीही घेतले नसते. पण आता शेवटचा परिच्छेद कितीही सावकाश वाचला, तरी त्या गुडघाभर पाण्यात मला देव आनंदच उभे दिसतात.