खुनी माहीत असताना ब्योमकेश

आधीच सांगून ठेवते, खाली सगळे खुनी मी फोडणार आहे. बंगाली गुप्तहेर ब्योमकेशच्या मूळ गोष्टींपैकी पहिल्या 1932 च्या, मालिका 1993 ची. एवढ्या वर्षांत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी आता थांबणं नाही.

मालिका म्हणजे दूरदर्शनवरची बासू चटर्जींची ‘ब्योमकेश बक्शी’. रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना त्याचा मित्र अजित. ती पहिल्यांदा लागली तेव्हा मी सांगलीत शाळेत होते. भाग अर्ध्यावर आला की दादा खुनी जाहीर करायचा, आई त्याला गप्प बसवायची आणि शेवटी कोणाचं बरोबर निघालं यावरून भांडणं. म्हणजे आम्ही बघत होतो ते एवढंच, की ब्योमकेशचं बोट कुणाकडे वळतं.

आता मी वकील आहे. फौजदारी नव्हे. मृत्युपत्रं, वाटणीपत्रं, हक्कसोडपत्रं, यातच दिवस जातो. रात्री ओटा आवरला की टॅबवर एखादा भाग लावते. खुनी कोण हे ठाऊक असल्यामुळे ब्योमकेशकडे लक्षच राहत नाही. खोलीत बाकी कोण बसलंय, तिकडे नजर जाते.

पहिल्याच भागातले डॉक्टर अनुकूलबाबू घ्या. मेस चालवणारे, होमिओपॅथीच्या गोळ्या देणारे, अजितशी गप्पा मारणारे. लहानपणी मला ते आवडायचे, म्हणून ते कोकेनवाले आणि खुनी निघाल्यावर फसवल्यासारखं वाटलं होतं. आता वाटतं, फसवणूक कसली, माणूस खरोखरच मनमिळाऊ आहे. आव आणतोय असं कुठेच वाटत नाही. गोड बोलणं आणि माणूस मारणं या दोन्ही गोष्टी त्याच्यात शेजारी शेजारी नांदतात, एकमेकींना त्रास न देता. आणि त्याच मेसमध्ये खोटं नाव सांगून राहायला आलेला दुसरा माणूस, अतुलबाबू, तो ब्योमकेश! बिचारा अजित दोघांवरही विश्वास टाकून मोकळा. दादाला फोनवर म्हटलं, या भागात एकटा अजितच खरं बोलतो. तो म्हणाला, म्हणून तर त्याला काही कळत नाही.

‘रास्ते का काँटा’ मध्ये ग्रामोफोनच्या पिना माणसांच्या छातीत घुसतात आणि त्या सुटतात सायकलच्या घंटीतून. हे माहीत झाल्यावर तो भाग निवांत बघताच येत नाही. रस्त्यावर कुठे सायकल वाजली की मी दचकते, आणि पडद्यावरच्या लोकांना त्याचं काहीच नाही.

पण वकील म्हणून खरी मजा आली ती ‘वसीयत’ ला. मूळ गोष्टीचं नाव ‘अर्थमनर्थम्’. करालीबाबू म्हणजे मृत्युपत्र बदलत राहणारा म्हातारा. आज हा भाचा लाडका, उद्या तो. असे अशील मला नवे नाहीत. आमच्याकडे येतात, खुर्चीत बसतात, ‘धाकट्याचं नाव काढा’ म्हणतात, आणि पुढच्या महिन्यात मोठ्याचं काढायला येतात. घरातल्या प्रत्येकाला त्या बदलांची कुणकुण असते. मग जेवताना कोण कोणाला काय वाढतं इथपासून सगळं बदलतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या लेखी करालीबाबू म्हणजे नुसतं प्रेत होतं. आता वाटतं, या माणसाने कागदाच्या जोरावर पोरांना वर्षानुवर्षं एकमेकांविरुद्ध तासून ठेवलं, सुई शेवटी फणीने टोचली इतकंच. पायाने अधू, खोलीत बसून असलेला फणी. आणि तो दुसऱ्या भाच्यावर, सुकुमारवरच आळ का ढकलतो, हे मला तेव्हा उमगलं नव्हतं. खून करणाऱ्याला मेलेल्याची मिळकत मिळत नाही. आज ते हिंदू उत्तराधिकार कायद्यात, 1956 च्या, कलम 25 मध्ये लिहिलेलं आहे. सुकुमार फासावर गेला की वाटणीतून आपोआप बाद. फणी मला नीट अभ्यास करून आलेल्या पक्षकारासारखा वाटला, आणि अंगावर काटा आला.

याच भागात सत्यवती येते. आपली सुकन्या कुलकर्णी! भाऊ सुकुमार संशयात अडकलेला आणि ही त्याच्यामागे उभी. लहानपणी तिच्या येण्याचा अर्थ एकच होता, आता ब्योमकेशचं लग्न होणार. आता मी तिला बहीण म्हणून बघते. माझ्या टेबलासमोर बहिणी येतात त्या बहुतेक हक्कसोडपत्रावर सही करायला; ‘दादाच बघेल सगळं’ म्हणतात. ही मात्र भावासाठी पोलिसांसमोर ठाम उभी राहते.

मिळकतीची इतकी जाण लेखकाला कुठून आली असेल, तर शरदिंदु बंद्योपाध्याय स्वतः कायदा शिकलेले होते. 1938 मध्ये ते बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईत आले, आणि 1952 पासून 1970 मध्ये जाईपर्यंत पुण्यात राहिले. उत्तरार्धातल्या कितीतरी ब्योमकेशकथांमधलं कोलकाता हे असं पुण्यात बसून लिहिलेलं आहे. पुणेकर याचा पुरेसा अभिमान बाळगत नाहीत, जे त्यांच्या स्वभावाला धरून नाही.

त्या पुण्याच्या काळातलीच ‘साही का काँटा’. साळिंदराचा काटा पाठीतून थेट काळजात. ज्याला मारायचं होतं तो देबाशिष वाचतो, कारण त्याचं हृदय उजव्या बाजूला. ही युक्ती आम्हाला इतकी आवडली होती की शाळेत आम्ही छातीवर हात ठेवून स्वतःची हृदयं तपासत होतो. या वेळी युक्ती माहीतच होती, त्यामुळे तिची वाट बघायची नव्हती, आणि मग दिसले ते आधी मेलेले तिघे: एक भिकारी, एक हमाल, एक दुकानदार. त्यांच्याशी खुन्याचं काही वैर नव्हतं. चौथा खून एखाद्या माथेफिरूचा वाटावा, एवढ्यासाठी ते मारले. गोष्ट त्यांना मोजते आणि पुढे जाते. पुढे देबाशिष आणि त्याची बायको दीपा यांचा संसार मार्गी लागतो आणि आपल्यालाही बरं वाटतं. तेव्हा मलाही वाटलं होतं. आता त्या शेवटाला माझा आक्षेप आहे. दादा म्हणतो, रहस्यकथेत मधली प्रेतं अशीच असायची. असतील. पण ती मुद्दाम गरिबांचीच का निवडली, हे खुन्याला नेमकं माहीत होतं: त्यांच्यासाठी कोणी ब्योमकेशकडे जाणार नाही.

म्हणून यानंतर लगेच ‘सीमंत हीरा’ लावला. खून नाही, मृत्युपत्र नाही. हिरा टेबलावरच्या नटराजाच्या मूर्तीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि तो लपवणारे दिगिंद्रनारायण स्वतःवर बेहद्द खूश. त्यांचा तो आनंद बघायला उत्तर माहीत असलेलंच बरं. हा भाग दादालाही पाठवला आहे.