आठशेचा धूर: कात्रज चाचणी आणि बारा लॉक

गेल्या वेळी मी ठासून लिहिलं होतं की गाडी धूर काढते त्यामागे दुखणं एकच आहे, पिस्टनवरच्या रिंगा गेल्यात. शब्द मागे घेतो. (गाडी तीच, ९८ची मारुती ८००, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्ब्युरेटरवाली.) दुखणी दोन निघाली.

पहिलं बॉनेटखालचं. स्वारगेटच्या सिग्नलला थांबलो की फटीतून पांढुरका धूर आणि करपलेल्या ऑइलचा वास. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "काका, धूप घातलाय का आत?" घरी येऊन इंजिन पूर्ण गार होऊ दिलं, रॉकेल-ब्रशने धुतलं, खडखडीत वाळवलं आणि हेडच्या (सिलिंडरवर बसणाऱ्या भागाच्या) कडेने टाल्कम पावडर मारली. पंधरा मिनिटं इंजिन चालवल्यावर पावडरीत ओली रेघ उमटली. टॅपेट कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) कोपऱ्यातून निघालेली, बोटभर रुंद, थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर) उतरलेली. जुनं पॅकिंग पापडासारखं मोडतच निघालं. नवं नाना पेठेतून आणलं. बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. कव्हर वाकलं की नवं पॅकिंगही गळतं.

दुसरं सायलेन्सरचं. धूर पांढरा असता तर कूलंटवर संशय घेतला असता, काळा असता तर कार्ब्युरेटरवर. हा निळा, म्हणजे ऑइल जळतंय. पण शिरतंय कुठून? आमच्या मिस्त्रींचा निकाल तयारच होता, सिलिंडर घासून नवे पिस्टन-रिंगा घालायच्या: "बोअर करून टाका." खर्च ऐकला आणि गाडी कात्रजला नेली. जुन्या बोगद्यापासून खाली येताना दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला, उतार संपता संपता एकदम दाबला. आरशात निळा लोट! पण घाट चढताना, गाडी जीव तोडून ओढत असताना, काहीच नव्हतं. रिंगा गेल्या असत्या तर खरा धूर तिथे निघाला असता. उतारावर थ्रॉटल बंद असतो, इनटेकमधला व्हॅक्यूम वॉल्व्ह गाइडमधून (वॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीतून) ऑइल ओढतो आणि पाय ठेवला की ते जळतं. सकाळी स्टार्टला एकच निळा भपकारा, मग स्वच्छ. तोही वॉल्व्ह सीलकडेच (त्या दांडीवरच्या, ऑइल अडवणाऱ्या रबरी टोपीकडे) बोट दाखवत होता.

खात्रीसाठी कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब) घेतलं: १५०, १४५, १५० पीएसआय. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतलं, जेमतेम पाचने वाढलं. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट बुजून बरंच वाढलं असतं. रिंगा ठणठणीत.

मग हेड न उतरवता सील बदलले. रॉकर (वॉल्व्ह दाबणारे दांडे) काढले, पिस्टन थोडा खाली असताना प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सारली (टोक बाहेरच ठेवा!) आणि क्रँक (पिस्टन वरखाली करणारा मुख्य शाफ्ट) फिरवून ती पिस्टनने दाबून धरली. वॉल्व्ह आत पडत नाहीत. जुने सील नखाने दाबले तर नुसतं कडक प्लास्टिक. सहा वॉल्व्ह, बारा लॉक (वॉल्व्हची स्प्रिंग धरून ठेवणारे बारीक तुकडे, प्रत्येकाला दोन). ऑइलची भोकं फडक्याने बुजवली होती, तरी अकरावं लॉक टणकन उडालं. पाऊण तास मॅग्नेट घेऊन जमीन चाचपली. सापडलं माझ्याच शर्टाच्या खिशात.

काल पुन्हा कात्रज. आरसा स्वच्छ.

रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवला होता. सकाळी रुपयाएवढा एक डाग, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली. गिअर ऑइलचा तो उग्र गंधकी वास नाही, म्हणजे क्रँकचं मागचं सील असावं. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. क्लच प्लेट बदलायची वेळ येईल तेव्हा बघू, तोवर पुठ्ठा.