आकडा नसलेला रुपया

वाठार स्टेशनला चढलेल्या मावशींनी साताऱ्याच्या अर्ध्या तिकिटाचे पैसे माझ्या तळहातावर ओतले आणि लगेच खिडकीकडं तोंड फिरवलं. इतकी वर्षं कंडक्टरकी केल्यावर तोंड असं फिरवण्याचा अर्थ कळतो. चिल्लरीत काहीतरी न चालणारं आहे.

बोटानं नाणी सरकवली. एक रुपया वेगळा वाटला. नव्वदच्या दशकातला स्टीलचा, सिंह वर. उलटा केला तर पुन्हा सिंह! पण हे सिंह खाली गेलेले, ओल्या मातीत शिक्का दाबावा तसे. ‘भारत’ आरशात वाचावं तसं उलटं, इंडियाची इंग्रजी अक्षरंही शेवटाकडून सुरू. कणसं नाहीत, साल नाही, एकचा आकडासुद्धा नाही.

“मावशी, हा कुठला?”

“चालत नसंल तर दे हिकडं. वाणी बी घेत न्हाई त्यो.”

“चालतो की,” म्हणालो आणि तिकीट हातात दिलं. पण मशीनची बटणं दाबताना बोट दोनदा चुकलं.

नाण्यांचा नाद मला बॅगेनंच लावला. सुरुवातीला कधीतरी 1985 चा रुपया आला, सालाखाली बारीक इंग्रजी ‘एच’. चौकशी केली तेव्हा कळलं की हा बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीत पडलेला. त्या वर्षी आपल्याकडं नाणी कमी पडत होती, म्हणून बाहेरून पाडून आणली. मग सालाखाली बघायची सवयच लागली. पत्त्यातल्यासारखी चौकट म्हणजे मुंबईची टांकसाळ, तारा हैदराबाद, ठिपका नोएडा, आणि काहीच नसलं तर कोलकाता. एकदा पाचचा जाडा ठोकळा मिळाला, 1999 चा, खाली मॉस्कोच्या टांकसाळीची तीन अक्षरं. हल्ली ते ठोकळेच बॅगेत येत नाहीत.

पण हे सगळं परवडणारं कौतुक. ‘एच’चा रुपया काही दुर्मीळ नव्हे. मावशींनी दिलेला मात्र मी फक्त फोटोत पाहिला होता. नाणं पाडताना आधीचं नाणं एका ठशाला चिकटून राहतं. पुढची चकती खाली येते, तिच्यावर ठशाऐवजी त्या चिकटलेल्या नाण्याचं तोंड आपटतं. चकतीच्या एका बाजूला नेहमीचे सिंह उठतात, दुसरीकडं तेच सिंह उलटे आणि खोल. ब्रॉकेज म्हणतात याला, नाणेबाजारात लखी. इथं साल असलेली बाजू उमटलीच नाही, म्हणजे खूणही नाही. माझा सगळा अभ्यास पाण्यात. कुठल्या टांकसाळीचा, हे सांगायची सोय नाही.

शंका होतीच. रुपयाची दोन नाणी व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंजात, एकमेकांवर दाबूनही असा खड्डा पाडतात. पण मग मागची बाजू चेपते. इथं वरच्या सिंहांच्या आयाळी बोटाला लागत होत्या.

आता आमची अडचण सांगतो. ड्युटीवर जाताना खिशात स्वतःचे किती पैसे आहेत ते लिहून द्यावं लागतं. बॅगेतला पैसा आणि खिशातला पैसा यांची ये-जा वाटेत करायची नाही. रुपयाला रुपया ठेवला तरी नाही, निदान मी तरी करत नाही. म्हणून तो बॅगेतच, कोपऱ्यातल्या कप्प्यात वेगळा ठेवला.

आणि वडूथच्या अलीकडं चेकिंग.

साहेबांनी प्रवासी मोजले, तिकिटं पाहिली, मग बॅग. नोटा जुळल्या. नाणी मोजून झाली.

“एक रुपया कमी आहे.”

“कप्प्यात आहे, साहेब.”

त्यांनी तो उचलला. एक बाजू पाहिली, दुसरी पाहिली, पुन्हा पहिली पाहिली.

“हा रुपया आहे असं कुठं लिहिलंय?”

खरं म्हणजे कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी दुसरा जुना स्टीलचा रुपया काढून त्याच्यावर ठेवला. कडेला कड जुळली. साहेबांनी दोन्ही तळहातांवर एकेक धरून वजन करून पाहिलं. ड्रायव्हर मागं वळून म्हणाला, “साहेब, मोबाईलवर असल्याचे दहा लाख देत्यात.” हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या नाण्याचे लाखो रुपये मिळतात म्हणून लोक आधी फी भरतात आणि बुडतात. रिझर्व्ह बँकेनं 2021 च्या ऑगस्टमध्ये याबद्दल जाहीर इशारासुद्धा दिला होता. पण ती वेळ भाषणाची नव्हती. साहेब हसले, रुपया कप्प्यात टाकला आणि “भरण्याच्या वेळी तुझा तू बघ” म्हणून उतरले.

डेपोत कॅशियरनं तो काचेखालून सरळ परत सरकवला. मी त्याच्यासमोरच खिशातला चांगला रुपया दिला, भरणा पूर्ण केला. तो रुपया माझा झाला तो तेव्हा.

पुढं पुण्यात नाण्यांच्या प्रदर्शनात एका डीलरला दाखवला. त्यानं भिंगातून बराच वेळ कड तपासली आणि आठशे म्हणाला. दहा लाख नव्हेत, पण रुपयाचे आठशे. मी दिला नाही. मावशींचं तोंड डोळ्यापुढं येत होतं. वाण्यानं परत केलेला, दडवून माझ्या हातात टेकवलेला, आणि मी ओळखून घेतलेला. घेतला तेव्हा मी गप्प बसलो होतो, हेही खरं.

दोन महिन्यांनी त्या पुन्हा वाठारला चढल्या. तिकिटं उरकून मी शेजारी गेलो, पाकिटातून रुपया काढला आणि म्हणालो, “मावशी, हा तुमचा. पुण्यात एक माणूस याचे…”

पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. चंची सोडली, चकचकीत नवा रुपया काढून माझ्या हातावर आपटला.

“मला ठावंच व्हतं तू कवातरी परत देनार. घे, ह्यो चांगला हाय. आन् त्यो आन हिकडं.”

मी दिला. त्यांनी न बघता तो चंचीत टाकला आणि खिडकीकडं तोंड फिरवलं. आठशेचं त्यांना पटवून देईपर्यंत सातारा आलं.