टपावर एकही ओरखडा नव्हता

गाड्यांच्या रंगाचं काम करतो मी. पॉलिश, कोटिंग, ओरखडे काढणं. त्या सकाळी काकांची काळी गाडी आत येत होती, शटरमधून तिरपं ऊन बॉनेटवर पडलं आणि मी हातातलं काम टाकून उठलो. बॉनेटभर बारीक ओरखडे कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरले होते. आठ महिन्यांपूर्वी हीच गाडी मी माझ्या हाताने पॉलिश करून दिली होती.

"तुमच्या त्या बाटलीने झालंय हे," काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्तच लागलं. वॉटरलेस वॉशची, म्हणजे पाण्याने न धुता फवारून फडक्याने पुसायच्या द्रव्याची बाटली मीच सुचवली होती. पाइप लावून गाडी धुणं त्यांच्या जिवावर यायचं, एवढं पाणी वाहून जाताना बघवत नाही म्हणायचे. "रंगाला काही होणार नाही ना?" असं त्यांनी तेव्हा विचारलं होतं. मी "बिनधास्त वापरा" म्हणून मोकळा झालो होतो.

शटर ओढलं, दिवे मालवले आणि टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरलो. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात हे ओरखडे लपतात, एका बिंदूतून येणारा उजेड पडला की उघडे पडतात. खरं तर ते सगळ्या दिशांना गेलेले असतात. उजेडाच्या प्रतिबिंबाला वळसा घालणारे तेवढे चमकतात, म्हणून आपल्याला वर्तुळं दिसतात. बॉनेटवर जाळं बारीक होतं. दारांच्या खालच्या भागात दाट. मागच्या चाकाजवळ तर काळा रंग धुरकट झाला होता. मग स्टुलावर चढून टप पाहिला. तिथे काहीच नव्हतं. पुन्हा पाहिलं, टॉर्च फिरवून फिरवून पाहिलं. पॉलिश केल्या दिवशी होता तसा टप.

बाटली तीच, हात तेच. औषधच रंग खात असतं तर टप कसा सुटला असता?

"काका, रोज कसे पुसता ते एकदा करून दाखवा."

त्यांनी डिकीतून बाटली आणि फडका काढला. फडका चांगला होता, मऊ मायक्रोफायबर. पण एकच. सुरुवात टपापासून, मग काचा, बॉनेट, दारं आणि शेवटी चाकाजवळचा पत्रा, सगळं त्याच फडक्याने. बाटली पुरावी म्हणून एका दाराला दोन फवारे. खाली धूळ जास्त, म्हणून तिथे हात अधिक जोरात आणि गोल गोल. इतक्या मायेने पुसत होते की मला मध्ये बोलवेना.

फडका मी पांढऱ्या कागदावर झटकला. कागदावर कण पडले. जे पडले नाहीत ते भिंगाखाली धाग्यांत अडकलेले दिसले, चकचकीत, धारदार कडांचे. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचा अंश असतोच आणि वाळूतलं क्वार्ट्झ हे खनिज कठीणपणाच्या मोहस मोजपट्टीवर 7 भरतं, काचेहून कठीण. रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, त्यापुढे फारच मऊ. कंपनीतून आलेल्या गाडीवर तो साधारण 35 ते 50 मायक्रॉन असतो, आपल्या केसाच्या जाडीहूनही कमी.

फवाऱ्यातलं द्रव्य दोन कामं करतं. धूळ भिजवून पत्र्यापासून सुटी करतं आणि कण व रंग यांच्यामध्ये निसरडा थर धरून ठेवतं. फडक्याने तो कण अलगद वर उचलायचा असतो. द्रव्य कमी पडलं किंवा धूळ जास्त झाली की तो थर फाटतो, मग फडक्याचा पॉलिश पेपर होतो.

तोंडी सांगून काकांना पटलं नसतं. बॉनेटवर हातभर जागा मशीनने चकचकीत करून घेतली. अर्ध्या भागावर त्यांचीच बाटली, पत्रा ओलाचिंब होईल इतकी. अर्धा मिनिट थांबलो. कोरा फडका चार घड्या करून, वजन न देता, एका दिशेने एकच हात. घडी पालटली, पुढचा पट्टा. टॉर्चखाली एक रेघ नाही. उरलेल्या अर्ध्यावर त्यांचाच फडका फिरवायचा होता, तिथे माझा हात अडला.

"फिरवा," काका म्हणाले.

दोन फेऱ्यांत रेघा उमटल्या. काका वाकून बराच वेळ पाहत राहिले. मी तिथेच कबूल केलं की तेव्हा मी त्यांना अर्धंच उत्तर दिलं होतं.

उरलेलं अर्धं मग नीट सांगितलं. एक-दोन दिवसांची हलकी धूळ असेल, गाडी सावलीत असेल आणि पत्रा हाताला थंड लागत असेल, तर ही बाटली रंगाला सुरक्षित आहे. मी माझ्या गाडीला तीच वापरतो. तापल्या पत्र्यावर ती पुसायच्या आत वाळते. चिखल, वाळू किंवा लांबच्या प्रवासातली खरखर असेल तर आधी पाणीच, फडका नंतर. एका गाडीला चार-पाच फडके हवेत, आणि जमिनीवर पडलेला फडका धुतल्याशिवाय पुन्हा पत्र्याला लावायचा नाही. कोटिंग केलंय म्हणजे ओरखडे पडणार नाहीत, असंही खूप जणांना वाटतं. कोटिंगने धूळ लवकर सुटते, पण वाळूपुढे तेही टिकत नाही.

दुपारभर मशीन चालवलं. आधी जाडी मोजण्याचं यंत्र प्रत्येक पत्र्याला लावलं, कारण पॉलिश म्हणजे रंगाचा वरचा थर थोडा थोडा खरवडणंच, आणि गेलेला थर परत येत नाही. मागच्या दारावरची एक रेघ नखाला लागत होती. ती काढायची तर फार खोल जावं लागलं असतं, म्हणून कडा थोड्या मऊ करून सोडून दिली. काकांना बोट ठेवून दाखवली.

"राहू दे ती," ते म्हणाले.

निघताना त्यांनी नव्या फडक्याची घडी घातली आणि पुढचं दार स्वतः पुसलं. एक हात, घडी पालट, दुसरा हात. हळूहळू खाली चाकापर्यंत आले. तिथे मडगार्डच्या कडेला वाळलेला चिखल होता. हात तसाच वर धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी बादली भरून आणली.