इंडियानातलं हार्डवेअरचं दुकान

मुलीकडे येऊन महिना झाला होता. नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं. "बाबा, आता कुठे जायचं?" असं तिने विचारलं आणि मी म्हटलं, "इंडियाना." जावईबापूंचा चेहरा उतरला. शेजारचं ओहायो अख्खं ओलांडायचं आणि सोमवारी परत ऑफिस! मग खुलासा केला, की राज्य नव्हे, गाव. पेनसिल्व्हेनियातच आहे, तुमच्या मनरोव्हिलपासून तासाभरावर.

"तिथे काय आहे?"

"जेम्स स्ट्युअर्टचं गाव आहे."

"कोण?"

जावईबापूंचा जन्म १९८६चा. जुन्या हॉलिवूडचा हिरो त्यांना कुठून माहीत असणार? त्यांचा दोष नाही.

सकाळी पेन हिल्सच्या व्यंकटेश्वराचं दर्शन घेतलं, तिथला चिंचेचा भात डब्यात भरून घेतला आणि २२ नंबरच्या रस्त्याने निघालो. ब्लेअर्सव्हिलपाशी डावीकडे वळून ११९ धरायचा. ऑक्टोबर होता, डोंगर लाल-पिवळे झाले होते. मधेमधे टेकड्यांच्या उतारावर ख्रिसमसच्या झाडांची शेती, अगदी आपल्याकडच्या द्राक्षबागांसारखी ओळीत. हे गाव स्वतःला ख्रिसमस-ट्रीची जागतिक राजधानी म्हणवून घेतं.

मला ओढ होती ती मात्र एका दुकानाची. माझे वडील बोहरी आळीत बसायचे. खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे, कुलपं. मी बँकेत लागलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बाहेर काय दिवे लावायचे ते लाव. दुकानाची किल्ली खुंटीला आहे." पुढे कित्येक वर्षांनी एका मासिकात वाचलं, की स्ट्युअर्टचे वडीलही हार्डवेअरवाले होते आणि पोरगा परत येऊन गल्ल्यावर बसेल याची तेही वाट बघत होते. त्या दिवसापासून हा माणूस मला घरातला वाटायला लागला.

गावाचा मुख्य रस्ता फिलाडेल्फिया स्ट्रीट. कोर्टाबाहेर स्ट्युअर्टचा पुतळा आहे आणि शेजारच्या सार्वजनिक वाचनालयाच्या तिसऱ्या मजल्यावर त्याचं संग्रहालय. पुतळा १९८३चा, त्याच्या पंचाहत्तरीचा. अनावरणाला तो स्वतः आला होता. संग्रहालय १९९५ साली २० मे रोजी उघडलं, म्हणजे पुन्हा त्याच्या वाढदिवसालाच. आत पन्नासेक खुर्च्यांचं जुन्या धाटणीचं छोटं थिएटर आहे. तिथे बायको टेकली ती उठेचना. तिच्या गुडघ्यांना संग्रहालयं मानवत नाहीत.

मी आणि जावईबापू भिंती वाचत फिरलो. जन्म १९०८. वडील अलेक्झांडर, दुकान जे. एम. स्ट्युअर्ट अँड कंपनी. हे 'जे. एम.' म्हणजे आजोबा, आणि नातवाचं नावही तेच ठेवलेलं, जेम्स मेटलंड. पाटीसुद्धा बदलावी लागली नसती! एका गिऱ्हाइकाने उधारी फेडायला पैसे नव्हते म्हणून अ‍ॅकॉर्डियन आणून दिला, तो पोराने उचलला आणि गावातल्या न्हाव्याकडून शिकला. हे वाचून मला हसू आवरेना. आमच्याकडे उधारीपोटी एकदा शिवणयंत्र आलं होतं. ते कोणीच शिकलं नाही.

पोरगा प्रिन्स्टनला आर्किटेक्चर शिकला, १९३२ साली पदवी घेतली. मंदीत घरं कोण बांधणार? तो मॅसॅच्युसेट्समधल्या एका नाटकमंडळीत शिरला. तिथे नट हेन्री फोंडा भेटला आणि मैत्री जन्मभर टिकली. १९३५ साली एमजीएम स्टुडिओचं कंत्राट. उंची सव्वासहा फूट, अंगावर मांस नाही, बोलताना अडखळायचा. असा माणूस हिरो म्हणून चालेल असं आज तरी कोणाला वाटेल? पण १९३९च्या 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन'ने तो चालला. सिनेटमध्ये तासन्‌तास बोलून आवाज बसलेला दाखवायचा होता, म्हणून डॉक्टरकडून घशात औषध घालून घेऊन त्याने तो खरोखरच बसवला.

पुढच्याच वर्षीच्या 'द फिलाडेल्फिया स्टोरी'साठी त्याला ऑस्कर मिळालं. ही गोष्ट तो स्वतः रंगवून सांगायचा. पहाटे वडिलांचा फोन आला, की तुला कसलंसं बक्षीस मिळालंय म्हणे, काय आहे ते? आणि मग, इकडे पाठवून दे, दुकानाच्या खिडकीत ठेवतो. त्याने पाठवलं. आणि ती सोन्याचं पाणी दिलेली बाहुली पुढे कैक वर्षं हार्डवेअरच्या दुकानाच्या काचेमागे उभी होती. घरात बायकोला झुंबर दाखवावं तसं नव्हे, गिऱ्हाइकाला माल दाखवावा तसं.

मग युद्ध. आधी वजन कमी भरलं म्हणून सैन्याने परत पाठवलं. हा खाऊन-पिऊन पुन्हा गेला आणि मार्च १९४१मध्ये, म्हणजे पर्ल हार्बरच्या आधीच, महिना २१ डॉलरवर साधा शिपाई म्हणून भरती झाला. विमान चालवणं आधीपासून येत होतं. बी-२४ बॉम्बर घेऊन इंग्लंडमधल्या तळावरून त्याने २० मोहिमा केल्या. शिपाई म्हणून गेला आणि कर्नल होऊन परतला. १९५९ साली राखीव हवाई दलात ब्रिगेडियर जनरल झाला. युद्धावर निघताना वडिलांनी त्याच्याजवळ एक पत्र आणि बायबलमधलं ९१वं स्तोत्र असलेली छोटी पुस्तिका दिली होती. ती तो खिशात बाळगायचा. आपल्याकडे पोराच्या खिशात रामरक्षा ठेवतात, तशातलीच ही गोष्ट. बॉम्बरमधली माणसं रोज कमी होत असताना त्या खिशावर हात जात असेल, नसेल, कोण जाणे. युद्धाबद्दल तो फार बोलायचा नाही आणि सिनेमाच्या जाहिरातीत ते वापरू द्यायचा नाही.

परत आल्यावरचा पहिला सिनेमा म्हणजे १९४६चा 'इट्स अ वंडरफुल लाइफ'. गावातून निघून जग बघायला जायची आयुष्यभर इच्छा असलेला, पण वडिलांनी मागे ठेवलेल्या पतसंस्थेत अडकून पडलेला जॉर्ज बेली. जो निसटला त्याने न निसटलेल्याचं काम केलं. तेव्हा तो सिनेमा पडला. १९७४ साली कॉपीराइटचं नूतनीकरण राहून गेलं, टीव्हीवाल्यांना तो जवळजवळ फुकटात मिळाला, आणि दर नाताळला लावून लावून त्यांनी तो अमर केला.

मी त्यातल्या एका प्रसंगावर जीव टाकतो. बाहेर ठेवीदारांची झुंबड, सगळ्यांना पैसे आत्ताच हवेत. बेली काउंटरमागून सांगतो, की तुमचे पैसे इथे तिजोरीत नाहीत, ते शेजाऱ्याच्या घरात गेलेत, पलीकडच्याच्या घरात गेलेत. ठेव आणि कर्ज यांचं नातं इतकं सोपं करून मला ट्रेनिंगमध्येही कोणी सांगितलं नव्हतं. मग तो मधुचंद्रासाठी काढलेले स्वतःचे दोन हजार डॉलर वाटायला लागतो. पहिला माणूस सगळेच मागतो. एक बाई मात्र हळूच म्हणते, साडेसतरा मिळतील का? तो पुढे वाकून तिचा गालच चुंबतो. एका सहकारी बँकेपुढची तशी रांग मी पाहिलेली आहे. साडेसतरा मागणारं कोणी नव्हतं.

संग्रहालयाबद्दल माझी एक तक्रार आहे. तिथला स्ट्युअर्ट फार गोड आहे. युद्धानंतर या माणसात काहीतरी काळवंडलं आणि तेच मला जास्त खरं वाटतं. दिग्दर्शक अँथनी मानच्या वेस्टर्नपटांतला सूडाने पेटलेला, हात थरथरणारा स्ट्युअर्ट बघा. हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'त (१९५८) मेलेल्या बाईसारखी दुसरीला नटवायला बसलेला बघा, अंगावर काटा येतो. शिवाय हिशेबात हुशार. 'विंचेस्टर ७३'साठी स्टुडिओला त्याचा दर परवडेना, तर त्याने नफ्यात हिस्सा घेतला आणि भरपूर कमावलं. दुकानदाराचं रक्त!

जावईबापू इतका वेळ शांत होते. मी त्यांना यतीच्या बोटाची गोष्ट सांगितली तेव्हा खुलले. १९५९ साली स्ट्युअर्ट आणि त्याची बायको ग्लोरिया कोलकात्यात होते. नेपाळमधल्या पांगबोचेच्या मठातून एका शोधकाने हिममानवाचं म्हणून एक बोट आणलं होतं. ते या दांपत्याने लंडनला नेलं, ग्लोरियाच्या अंतर्वस्त्रांच्या पेटीत लपवून. जनरलसाहेब तस्कर! २०११ साली डीएनए तपासला तर ते माणसाचंच निघालं.

ग्लोरियाशी त्याने १९४९ साली, एक्केचाळिसाव्या वर्षी लग्न केलं. तिचे आधीचे दोन मुलगे त्याने आपले मानले. त्यातला रोनाल्ड १९६९मध्ये व्हिएतनाममध्ये मारला गेला. १९९४ साली ग्लोरिया गेली आणि १९९७च्या जुलैत तोही.

जेवायला बाकावर बसलो. चिंचेचा भात गार झाला होता. खाऊन मी व्हिनेगर हिलची चढण चढून त्याचं जुनं घर लांबून पाहिलं. खासगी आहे, आत सोडत नाहीत. मग खाली येऊन दुकान शोधलं.

दुकान नाही. त्या जागी बँक आहे.

मी फुटपाथवर उभा राहून अंदाज बांधत होतो, की खिडकी साधारण इथे असणार. काच स्वच्छ होती, आत काउंटर दिसत होतं. मुलीला म्हटलं, "इथे माझा एक फोटो काढ." सौ. गाडीतून उतरून गुडघा धरत आल्या.

"अहो, बँकेपुढे कसला फोटो काढताय? आयुष्य आतच गेलं की तुमचं!"

मुलीने तोवर दोन काढले होते. दुसऱ्यात मी हसतोय.