शॅमेलिऑनने खाणं सोडलं तर आधी पाणी, मग ऊब, मग घास

रातकिडा समोरच्या फांदीवरून चाललाय. शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, एक डोळा त्याच्याकडे वळवतो, मग दुसराही. मान पुढे येते, तोंड किंचित उघडतं, जिभेचं टोक दिसतं आणि तिथेच अडतं. थोड्या वेळाने तोंड मिटून तो मागे सरकतो. हा झाला एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात रातकिडा नाकावरून चालत गेला तरी डोळा हलत नाही. घरचे दोन्हीला ‘खात नाही’ असंच म्हणतात, पण दुखणी वेगळी आहेत. पहिल्याला भूक आहे, फक्त तोंड, जीभ, जबडा किंवा कॅल्शियम यांतलं काहीतरी बिघडलंय. दुसऱ्याला भूकच नाही. तो गारठलाय, अंगातलं पाणी कमी झालंय, घाबरलाय, आतून आजारी आहे, किंवा मादी असेल तर पोटात अंडी आहेत. डॉक्टरांना फोन करण्याआधी यातलं काय दिसतंय ते मोबाइलवर टिपून ठेवा, कारण दवाखान्याच्या टेबलावर हा प्राणी घरच्यासारखा कधीच वागत नाही.

हे लिहिलंय ते मुख्यतः व्हेल्ड शॅमेलिऑनबद्दल. मूळचा येमेन आणि नैऋत्य सौदी अरेबियातला हा प्राणी अमेरिका-युरोपात भरपूर पाळला जातो, आणि तिकडच्या मराठी घरांतही मुलांच्या हट्टापायी बहुधा हाच येतो. मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनलाही यातलं बरंचसं लागू पडतं. आपल्याकडचा घोयरा, म्हणजे भारतात रानात आढळणारा शॅमेलिऑन, मात्र यात धरू नका. त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि तो घरात पाळणं गुन्हा आहे. महाराष्ट्रात जखमी किंवा मलूल घोयरा सापडला तर भोकं पाडलेल्या खोक्यात कापडावर ठेवा, काहीही भरवू नका आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आता, किती दिवस थांबायचं? पूर्ण वाढलेला व्हेल्ड रोज खातच नाही. दिवसाआड तीन ते पाच किडे हा त्याचा साधारण आहार. अधूनमधून त्याने चार-पाच दिवस तोंड फिरवलं, पण वजन टिकून आहे, डोळे उघडे आहेत आणि फांदीवरची पकड घट्ट आहे, तर धावपळ नको. कात टाकताना दोन-तीन दिवस खाणं मंदावतं. नवीन घरी आलेला आठवडाभर पानांआड अंग चोरून बसतो. पिल्लांचं तसं नाही. तीन-चार महिन्यांचं पिल्लू सलग दोन दिवस उपाशी राहिलं तर वाट बघू नका, त्याच्या अंगात साठाच नसतो. आणि कोणत्याही वयाचा शॅमेलिऑन दिवसाउजेडी डोळे मिटून बसला असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. निरोगी शॅमेलिऑन दिवसा झोपत नाही.

अंदाजाने ‘बारीक झालाय का?’ असं ठरवू नका. स्वयंपाकघरात असतो तसा एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा घ्या, त्यावर आडवी काठी बसवलेला छोटा स्टँड ठेवून आकडा शून्यावर आणा आणि त्याला हळूच काठीवर चढू द्या. दोन-तीन दिवसांनी एकदा, शक्यतो सकाळी, खाण्याआधी. १२० ग्रॅमचा नर १०८ वर आला म्हणजे दहा टक्के वजन गेलं. तिथे घरचे प्रयोग थांबवायचे.

घरात पहिली तपासणी प्राण्याची नाही, पिंजऱ्याची करा. भिंतीला चिकटवलेला थर्मामीटर भिंतीचं तापमान सांगतो. प्रोब, म्हणजे वायरच्या टोकाला तापमान मोजणारा भाग, असलेला थर्मामीटर घ्या आणि प्रोब बास्किंगच्या, म्हणजे दिव्याखाली ऊब घेण्याच्या, फांदीवर, त्याची पाठ जिथे येते त्या उंचीला बांधा. मोठ्या व्हेल्ड नराला तिथे २९ ते ३२ अंश सेल्सिअस लागतं, मादीला २७-२८ पुरे. पिंजऱ्याचा बाकीचा भाग २२ ते २६ अंश असावा आणि रात्री १८ पर्यंत उतरला तरी चालतं. दिवसा हे तापमान मिळालं नाही तर पचन थांबतं, पोटातला किडा पचण्याऐवजी कुजतो आणि भूक मरते. थंडीत घराचं हीटिंग कमी केलं, बल्ब बदलताना कमी वॅटचा आणला, एवढंही पुरतं. उलट फांदी दिव्याच्या फार जवळ असेल तर तो तोंड वासून, फिका पडून बसतो आणि तेव्हाही खात नाही.

यूव्हीबीचा, म्हणजे उन्हात असणाऱ्या अतिनील किरणांचा, घोटाळा जास्त फसवा, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. ट्यूब लख्ख पेटलेली असते, पण तिच्यातलं यूव्हीबी कधीच ओसरलेलं असतं. टी५ हाय आउटपुट प्रकारची लांब ट्यूब, ५ किंवा ६ टक्के यूव्हीबीची, पिंजऱ्याच्या वरच्या जाळीवर ठेवा. फांदी तिच्याखाली २० ते २५ सेंटिमीटरवर हवी. दिवे रोज बारा तास चालू, आणि ट्यूब वर्षाने बदलायची. बदलल्याची तारीख तिच्या टोकाला मार्करने लिहून ठेवा. दुकानातून किटमध्ये मिळणारा छोटा पिळाचा बल्ब शॅमेलिऑनसाठी घेऊच नये, हे आमचं ठाम मत. खिडकीच्या काचेतून येणारं ऊनही या कामाचं नाही. काच यूव्हीबी अडवते.

मग पाणी. शॅमेलिऑन वाटीतलं पाणी सहसा ओळखत नाही, पानावरचे थेंब चाटतो. शीमध्ये काळपट भागाबरोबर जो घट्ट पांढरा भाग येतो तो युरेट, आणि अंगातल्या पाण्याचा हिशेब तिथेच कळतो. पांढराशुभ्र असेल तर ठीक, टोकाला थोडी पिवळी छटाही चालते. सगळाच गर्द पिवळा किंवा नारिंगी, कोरडा, खडूसारखा भुगा होणारा असेल तर पाणी कमी पडतंय. डोळ्यांचे बुरूज खोल गेले असतील तर बरंच कमी पडलंय. तसा शॅमेलिऑन भुकेला असला तरी खात नाही, आणि त्याला बळेच भरवलं तर त्या प्रथिनांचा भार आधीच ताणलेल्या मूत्रपिंडांवर येतो. म्हणून क्रम पाळा: पाणी, ऊब, आणि सगळ्यात शेवटी घास.

पाणी देण्याची पद्धत साधी आहे. सकाळी दिवे लागण्याआधी आणि संध्याकाळी ते बंद झाल्यावर दोन-दोन मिनिटं बारीक फवारा. दिवसा पिंजऱ्यावर ठिबक ठेवा, सेकंदाला एक थेंब, तो मोठ्या पानावर पडून ओघळेल असा. प्लास्टिकच्या डब्याला सुईने भोक पाडलं तरी ठिबक तयार होतं, फक्त खाली पाणी साचायला भांडं ठेवा. आजारी असताना फवाऱ्याचं पाणी कोमट घ्या. गार पाणी अंगावर पडलं की तो डोळे मिटतो, पीत नाही. सुरुवातीला तो फक्त डोळे धुतो, पिणं त्यानंतर सुरू होतं, त्यामुळे फवारा लगेच बंद करू नका. टबात बुडवून ठेवणं हा सल्ला मात्र ऐकू नका. कातडीतून पाणी पोटात जात नाही, भीती तेवढी जाते.

भीतीवरून दोन ओळी. पिंजऱ्यासमोर आरसा, मांजर, दुसरा शॅमेलिऑन, सतत चालू टीव्ही यांतलं काहीही असेल तर हलवा. बसायची फांदी माणसाच्या डोळ्यांपेक्षा उंच हवी आणि भरपूर पानं हवीत. बऱ्याच रुसलेल्या शॅमेलिऑनना एवढंच औषध पुरतं.

‘बघतो पण खात नाही’ या प्रकारात तोंड बघायचं. व्हेल्ड रागीट असतो, हात जवळ नेला की स्वतःच तोंड वासतो. तेवढ्यात टॉर्च मारून ओठांची कड बघा. सूज, लाल रेघ, दातांलगत पिवळट, पनीरसारखा चिकटलेला थर असेल तर तोंडात संसर्ग आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू घट्ट असतो, वाहत नाही, त्यामुळे कापसाने पुसून हे प्रकरण संपत नाही. डॉक्टरांनाच साफ करावं लागतं. जीभ बाहेर पडली पण अर्ध्यातच गळाली, जबडा रबरासारखा लवचीक लागतो, पुढचे पाय कमानीसारखे वाकलेत, चालताना अंग थरथरतं, ही हाडांच्या दुखण्याची लक्षणं. यूव्हीबी आणि कॅल्शियम दोन्ही कमी पडल्यावर हे होतं. अशा शॅमेलिऑनचं तोंड घरी उघडायला जाऊ नका, जबडा मोडतो. पापण्या सुजल्यात आणि किडा दिसूनही नेम चुकतो, तर जीवनसत्त्व अ कमी असण्याची शंका घ्यावी. पण माणसांची थेंबांची बाटली वापरू नका, जास्त झालेलं हे जीवनसत्त्व कमी पडण्याइतकंच वाईट. जीभ लोंबत राहिली असेल तर ती सलाइनने ओली ठेवत थेट दवाखाना. वाळली की कापावी लागते.

मादी असेल तर सगळ्याच्या आधी अंड्यांचा विचार करा. व्हेल्ड मादी नराशिवायही अंडी धरते, सहा महिन्यांचीही होण्याआधी. अंडी घालण्याआधी ती काही दिवस खाणं सोडते, पाणी मात्र पीत राहते, अंगावर गडद रंगात पिवळे-निळे ठिपके उठतात आणि ती तळाशी फेऱ्या मारते. तिला किमान ३० सेंटिमीटर लांब, रुंद आणि तेवढंच खोल भांडं द्या. त्यात धुतलेली खेळाची वाळू, किंवा वाळू आणि खत नसलेली माती, बोटाने केलेलं भोक न ढासळता टिकेल इतकी ओली. भांड्याभोवती पडदा लावा. ती खणत असताना कोणी बघतंय असं वाटलं तर ती अर्ध्यावर सोडून वर येते, आणि वारंवार असं झालं की अंडी आत अडकतात. तळाशी डोळे मिटून पडलेली, खणणं सोडून दिलेली मादी म्हणजे तातडीचं प्रकरण. एक्स-रे काढल्याशिवाय पुढचं ठरवता येत नाही.

‘बघतच नाही’ या प्रकारातली बाकीची कारणं घरी सुटत नाहीत. नाक वर करून, तोंड उघडून श्वास घेणं, नाकाशी बुडबुडे किंवा टिकटिक आवाज म्हणजे श्वसनाचा संसर्ग. सांधे सुजलेत आणि हलवताना दुखतात, तर गाउट (सांध्यांत युरिक आम्ल साठणं) किंवा संसर्ग. दुर्गंधीयुक्त पातळ शी असेल तर पोटात जंत किंवा कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी असू शकतात. डॉक्टरांकडे जाताना ताजी शी झिप पिशवीत, ओल्या कागदात गुंडाळून न्या, लगेच जाता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, आणि २४ तासांपेक्षा जुनी नेऊ नका. सोबत पिंजऱ्याचे फोटो, दिव्यांच्या खोक्यांचे फोटो, किड्यांवर भुरभुरता त्या कॅल्शियम-जीवनसत्त्वांच्या पावडरींची नावं आणि वजनांची यादी. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर कितीही चांगले असले तरी इथे सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव लागतो. अमेरिकेत एआरएव्ही या पशुवैद्यांच्या संघटनेच्या यादीत जवळचे डॉक्टर शोधता येतात. प्राणी निरोगी असतानाच हा नंबर शोधून ठेवलेला बरा.

पाणी आणि ऊब सुधारल्यावर दोन-तीन दिवसांनी खाणं पुढे करा, आणि तेही बदलून. महिनोन्‌महिने रातकिडेच खाणारा शॅमेलिऑन त्यांना कंटाळतो, यात आजार काही नाही. हिरवी हॉर्नवर्म अळी आणि रेशीमकिडा पाण्याने भरलेले असतात, पचायला हलके, आणि त्यांची संथ चाल लक्ष वेधते. घरमाशा किंवा मोठ्या निळ्या माश्या पिंजऱ्यात सोडल्या की मलूल शॅमेलिऑनचे डोळेही फिरायला लागतात. युरोपात टोळ सहज मिळतात. डुबिया झुरळं चांगली, पण कॅनडात त्यांना बंदी आहे. बागेतले किडे पकडून देऊ नका, फवारणीची शंका असते, आणि काजवा तर एकही नको, एका काजव्यानेही जीव जाऊ शकतो. मेणअळी फक्त लाच म्हणून, एखादीच.

भरवणं हा शेवटचा उपाय, तोही डॉक्टरांनी सांगितल्यावर. मांसाहारी प्राण्यांसाठीची पूड पाण्यात कालवून मिळणारी पातळ पेज, एक मिलीलीटरची सुई नसलेली सिरिंज, आणि दोन माणसं. एकाने अंग उभं, डोकं किंचित वर धरायचं. तोंड उघडलं की पेज कडेने, थेंबाथेंबाने सोडायची आणि प्रत्येक वेळी गिळल्याची हालचाल दिसेपर्यंत थांबायचं. मधोमध जोरात दाबलं तर जिभेच्या मुळाशी असलेल्या श्वासनळीत जातं आणि न्यूमोनिया होतो. शंभर ग्रॅमच्या प्राण्याला पहिल्या दिवशी अर्धा मिलीलीटर पुरे, पुढे एकपर्यंत. फार दिवसांच्या उपाशी अंगाला एकदम भरपेट दिलं तर रक्तातले क्षार कोसळतात आणि खायला लागल्यावर प्राणी दगावतो.

स्वतःहून खायला लागला की पहिल्या दिवशी दोन लहान किडे, साधं कॅल्शियम भुरभुरलेले. डी३ आणि जीवनसत्त्व अ असलेली पावडर महिन्यातून दोनदाच. जंताचं औषध झालं असेल तर डॉक्टर सांगतील त्या तारखेला शी पुन्हा तपासा, खातोय म्हणून ती फेरी टाळू नका. आणि रात्री दिवे जाण्याआधी उरलेले रातकिडे मोजून बाहेर काढा. अशक्त शॅमेलिऑन झोपलेला असताना ते त्याची कातडी कुरतडतात.