५८,००० किलोमीटर चाललेली गाडी

२०२२ मध्ये पुण्यातील एका विक्रेत्याकडून मी आठ वर्षे जुनी डिझेल गाडी घेतली, तेव्हा मीटरवर ५८,००० किलोमीटर दिसत होते. वर्षाला सात-साडेसात हजारांचे रनिंग घरगुती गाडीला शोभण्यासारखे असल्यामुळे मला शंका आली नाही. आठ महिन्यांनी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो असता तेथील कर्मचाऱ्याने नोंदणी क्रमांकावरून जुन्या नोंदी काढल्या. २०२० मधील शेवटच्या नोंदीत आकडा होता १,०४,३००.

जादा मोजलेल्या पैशांपेक्षा मला धास्ती बसली ती टायमिंग बेल्टची, म्हणजे इंजिनातील व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याची. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत तो १,००,००० किलोमीटरला बदलावा असे छापले आहे. मीटरवर विश्वास ठेवून मी आणखी तीस-पस्तीस हजार किलोमीटर निर्धास्त चाललो असतो. प्रत्यक्षात बेल्टची मुदत मी गाडी घेण्याआधीच उलटली होती. असा बेल्ट चालत्या गाडीत तुटला की अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन निकामी होते. काढलेल्या बेल्टला कडेने भेगा गेल्या होत्या. त्याच गाडीतून मी आईवडिलांना घेऊन घाट चढलो-उतरलो होतो, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

मीटर मागे घेणे पूर्वी निदान ओळखू येई. केबलवर चालणारी आकड्यांची चाके हाताने फिरवली की आकडे पुष्कळदा एका रेषेत बसत नसत. आता आकडा मीटरच्या आतील मेमरी चिपमध्ये असतो आणि उपकरण जोडून तो बदलला की वरून काहीही दिसत नाही. काही गाड्यांत तो इतर कंट्रोल युनिटांतही, म्हणजे गाडीचे वेगवेगळे भाग सांभाळणाऱ्या छोट्या संगणकांतही, साठवलेला असतो, त्यामुळे ते वाचणारा स्कॅनर लावल्यास कधी कधी तफावत सापडते. माझा भरवसा मात्र आता कागदांवर आहे: सर्व्हिसची बिले, विम्याच्या दाव्याच्या वेळी सर्व्हेयरने नोंदवलेले रीडिंग, आणि टायरवरील चार अंक. त्यातील पहिले दोन निर्मितीचा आठवडा व पुढचे दोन वर्ष सांगतात. तीस हजार चाललेल्या म्हणवल्या जाणाऱ्या गाडीचे चारही टायर बदललेले असतील, तर कारण विचारलेच पाहिजे.

बेल्जियममध्ये २००६ पासून जुनी गाडी विकताना नोंदवलेल्या रीडिंगचे प्रमाणपत्र द्यावे लागते. जर्मनीने २००५ मध्ये मीटरमधील फेरफार हाच स्वतंत्र गुन्हा ठरवला. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांना गाडीच्या प्रत्येक फेरीची नोंद ठेवणे बंधनकारक आहे, पण ती नोंद गाडी त्यांच्या ताब्यात आल्यानंतरची. त्याआधीचे किलोमीटर गिऱ्हाइकाला एका जागी पाहता येतील अशी सोय व्हायलाच हवी.

गेल्या वर्षी मी ती गाडी विकायला काढली, तेव्हा एजंटने किलोमीटर आणखी कमी करून देण्याची तयारी दाखवली आणि "सगळेच करतात" असेही सांगितले. मी त्याला नकार दिला. ज्या कुटुंबाने गाडी घेतली त्यांना २०२० च्या नोंदीची प्रत आणि बेल्टचे बिल दिले, मीटरवरील आकडा खोटा असल्याचे विक्री करारात लिहिले आणि त्याखाली आम्ही दोघांनी सह्या केल्या. भाव अर्थातच कमी आला.